थंड टायर आणि माझ्या पत्रकातली तिसरी ओळ

अन्याय झाला तो एका टायर-मिस्त्रीवर. वय चौपन्न, गाव दाभोळच्या खाडीकाठचं, नोकरी सौदी अरेबियातल्या हाइल शहराबाहेर, एका बांधकाम कंपनीच्या वर्कशॉपमध्ये. केव्हा झाला? मागच्या जानेवारीतल्या दुसऱ्या गुरुवारी, सकाळी सात वाजून चाळीस मिनिटांनी. वेळ पक्की ठाऊक आहे, कारण गाडीत स्टिअरिंगच्या मागे ती आकड्यांत दिसत होती आणि तिच्याशेजारी बाहेरचं तापमान : दोन. कोणी केला? मी केला.

मिस्त्रीचं नाव लिहीत नाही. माझ्यामुळे ते एकदा चुकीच्या कागदावर चढलं. पुन्हा माझ्याच कागदावर नको. आम्ही सगळे त्यांना चाचा म्हणायचो, तेच इथे पुरे.

पहिल्या ओळीत अन्याय आणि वेळ सांगायची सवय मला कॉलेजात लागली. आमच्या तालुक्यात एक संघटना होती. हायवेचं रखडलेलं काम, वाडीला न येणारं पाणी, डॉक्टर नसलेला दवाखाना, सगळ्यावर आम्ही पत्रकं काढायचो. तिथल्या ताई मला शिकवायच्या, "पहिल्या ओळीत कोणावर अन्याय झाला आणि केव्हा ते लिही. शेवटच्या ओळीत वाचणाऱ्याकडून काय हवं ते माग. मधलं कोणी वाचत नाही." पहिली ओळ त्यांच्या शिस्तीत लिहिली. पण या वेळी मधलंच वाचा. लाज सगळी मध्ये आहे.

इकडे आलो सेफ्टी ऑफिसर म्हणून. हेल्मेट घातलं का, शिडी बांधली का, ते बघायचं आणि वहीत लिहायचं. इथे संघटना नाही, सभा नाही, घोषणा तर सोडाच. पण पत्रकाची खाज काही जाईना. मग कँपच्या मेसमध्ये, हात धुण्याच्या नळांवरच्या भिंतीला मी दर आठवड्याला एक कागद चिकटवू लागलो. हिंदी, उर्दू आणि मराठी. विषय एकच, ऊन. पाणी प्या. डोकं झाका. चक्कर आली तर लपवू नका. माझ्या डोक्यात सौदी म्हणजे ऊन, एवढंच होतं. हाइलची थंडी मी हिशेबात धरलीच नव्हती. डिसेंबर उजाडला आणि नळाचं पाणी चावायला लागलं. रत्नागिरीची, रायगडची माणसं कानटोपीवर अरबी रुमाल गुंडाळून वाफा सोडत रांगेत उभी राहायची. थंडी माणसाला लागते, एवढं कळलं. ती आणखी कशाकशाला लागते, हे चाचांना ठाऊक होतं.

चाचांचं काम उकिडवं बसून. ट्रकची चाकं, डंपरची चाकं, जेसीबीची चाकं. बावीस वर्षं. उठताना जॅकच्या दांड्याला धरायचे आणि गुडघ्यातून आवाज यायचा. कोणी बघितलं की म्हणायचे, "हवा काढतोय रे, पंक्चर आहे." हसायचे सगळे. मला त्यांनी पहिल्याच दिवशी नाव ठेवलं होतं, पुढारी. माझा नवा कागद लागला की ओरडायचे, "या पुढारी! आज कोणाला वाचवलंत?"

त्यांचा एक अर्ज मी लिहून दिला होता. कामगारांना साइटवर नेणारी जी बस होती, तिचा ड्रायव्हर रमजाननंतर कायमचा केरळला परत जाणार होता. ती जागा चाचांना हवी होती. लायसन्स त्यांच्याकडे जड वाहनाचं होतं. बसवर बसायचं असतं, उकिडवं बसावं लागत नाही. गुडघे सांभाळून आणखी चार वर्षं निघाली असती, आणि चार वर्षांत धाकटी मुलगी नर्सिंग पुरं करून नोकरीला लागली असती. त्यांना एवढंच हवं होतं. अर्जात मी एक वाक्य अधोरेखित केलं होतं : "बावीस वर्षांत माझ्या नावावर एकही अपघात नाही." मॅनेजरने ते वाचून मान डोलावली. "चाचा, बस तुमचीच समजा," असं तो माझ्यादेखत म्हणाला.

आता गाडी.

मालकाचा मुलगा रियाधला राहतो. हिवाळ्यात दोस्तांना घेऊन हाइलच्या बाहेर वाळवंटात तंबू टाकायची त्याला हौस. त्या वर्षी त्याने आपली स्पोर्ट्स कार ट्रेलरवर टाकून आधीच पाठवून दिली. पिवळी, दोन सीटांची, इतकी बुटकी की चाचांना आत बसायला टपाला धरून आधी एक पाय, मग दुसरा पाय असं करावं लागायचं. टायर रुंद, जवळजवळ गुळगुळीत, उन्हाळी. रियाधच्या तापल्या रस्त्यावर डिंकासारखे चिकटणारे. गुरुवारी दुपारच्या विमानाने साहेबजादे येणार, त्याआधी गाडी धुऊन, पेट्रोल भरून त्यांच्या शेतघरी उभी पाहिजे, असा हुकूम होता. टायर-मिस्त्रीने मालकाच्या मुलाची गाडी कुठल्या नियमात पोचवायची? असलं कोणी विचारत नाही. मीसुद्धा विचारलं नाही, आणि मी सेफ्टी ऑफिसर होतो.

दुसऱ्याची गाडी इथे कोणीही हाकत नाही. गाडीच्या मालकाने सरकारी नोंदीत तुमच्या इकाम्यावर, म्हणजे इथे राहण्याच्या परवान्यावर, तशी परवानगी चढवावी लागते. तिला तफवीज म्हणतात. त्या गाडीची तफवीज अख्ख्या कँपात एकट्या चाचांच्या नावावर होती. कारण तेच, बावीस वर्षांत एकही अपघात नाही.

बुधवारपासूनच मी त्यांच्या मागे लागलो होतो. "चाचा, मला पण न्या. नुसता बसेन." गुरुवारी सकाळी मी वर्कशॉपमध्ये पोचलो, तेव्हा सूर्य नुकता वर येत होता आणि शेडच्या पत्र्यावर पांढरा थर होता. चाचा गाडीच्या मागच्या चाकाशी उकिडवे बसून टायरला अंगठ्याचं नख लावत होते.

"काय बघताय?"

"लाव नख. लाव की."

मी लावलं. लागेना. प्लास्टिकच्या बादलीला लावल्यासारखं.

"उन्हाळ्यात हाच टायर लोण्यासारखा असतो. नख रुततं. आता लाकूड झालाय. हा उठलेला नाही अजून. पहिली पंधरा मिनिटं याला गोंजारत न्यायचा. रेस दिलीस की मागनं लाथ घालतो."

"रस्ता तर कोरडा आहे, चाचा."

"म्हणूनच सांगतोय. ओला असता तर तू आपण होऊन घाबरला असतास."

हे वाक्य मी ऐकलं आणि ऐकलं नाही. आम्ही कोकणातली माणसं. घसरणं म्हणजे पाणी. शेवाळ, लाल चिखल, घाटातलं वळण, पुढे गेलेल्या टँकरने सांडलेलं तेल. कोरडा खडखडीत रस्ता, वर निळं आभाळ, आणि त्यावर गाडी घसरेल, हे आमच्या डोक्यात शिरत नाही. माझ्याही शिरलं नाही. मी पोरगा नव्हतो, सव्वीस वर्षांचा होतो आणि लोकांना धोके समजावून सांगायचा पगार घेत होतो.

शहर संपलं. गव्हाची गोदामं मागे पडली. पुढे सरळ चार पदरी रस्ता, कुत्रंसुद्धा नाही.

"चाचा, एकदा द्या ना. त्या चौकापर्यंत. फक्त तेवढं."

"तफवीज माझी आहे, बाबा."

"इथे कोण बघतंय?"

"हे बघा पुढारी बोलतात," ते हसले. "भिंतीवर काय लिहिता आणि तोंडाने काय बोलता." पण गाडी त्यांनी बाजूला घेतली. का घेतली? मी गावाकडचा म्हणून. त्यांचा अर्ज मी लिहून दिला होता म्हणून. ते काही बोलले नाहीत, पण मला ठाऊक होतं आणि त्याचाच मी फायदा घेतला. त्यांनी टपाला धरून पाय बाहेर काढले, वळसा घालून माझ्या जागेवर आले. बसता बसता म्हणाले, "हळू. अजून उठला नाही तो."

मी हळू गेलो. शपथेवर सांगतो, पाचशे मीटर मी हळू गेलो. मग गोल चौक आला. चौकाला अर्धा वळसा घालून बाहेर पडताना समोर रिकामा रस्ता दिसला, आणि मी पाय दाबला.

घसरणं म्हणतात तसं नसतंच ते. पुढून काही जात नाही. पाठीमागचा भाग आपल्याला सोडून जातो. मी स्टिअरिंग एकीकडे फिरवलं, गाडी दुसरीकडेच बघत होती. चाचांचा आवाज आला, "सोड! सोड रेस!" मी ब्रेक दाबला, म्हणजे नेमकं जे करू नये ते केलं. गाडी आडवी कडेच्या दगडावर आदळली. मागचं चाक वाकलं, कडेच्या खजुराच्या रोपाभोवतीचा लोखंडी पिंजरा दारात घुसला. काचेमागे आकडे तसेच : सात चाळीस. दोन.

आम्हाला दोघांनाही खरचटलं नव्हतं. चाचांनी आधी माझ्याकडे बघितलं, हात फिरवून माझं डोकं चाचपलं. मग बाहेर बघितलं. आणि मग म्हणाले, "उतर. इकडे ये."

"म्हणजे?"

"तफवीज माझी आहे. तू चालवत होतास म्हणून सांगितलंस तर तू गेलास, विनापरवाना. आणि तुला दिली म्हणून मी गेलोच. दोघे कशाला? चल, यल्ला, उतर."

हा बिनतोड हिशेब होता. त्यात खोट नव्हती. माझ्या सगळ्या शिक्षणाला, सगळ्या घोषणांना त्या क्षणी त्यात खोट सापडली नाही. मी फक्त "पण चाचा..." एवढं म्हणालो. आणि 'पण' म्हणत म्हणत उतरलो. माझं दार उघडत होतं. त्यांच्या दारात पिंजरा अडकला होता, म्हणून ते तसेच आतून, गिअरवरून, गुडघे दुमडत माझ्या जागेवर सरकले. त्यांच्या तोंडातून कण्हणं निघालं. मी बाहेर थंडीत उभा राहून ते बघत होतो. हात देण्याचंही सुचलं नाही.

ट्रॅफिक पोलिस आला. जाड जॅकेट, हातात कागदी कपात चहा. गाडीकडे बघून त्याने हळहळल्यासारखी जीभ वाजवली. विचारलं, गाडी कोण चालवत होतं.

"अना," चाचा म्हणाले. मी.

पोलिसाने माझ्याकडे बघितलं. मी रस्त्याकडे बघितलं. त्याने चाचांचा इकामा घेतला, लायसन्स घेतलं, तफवीज तपासली, कागदावर लिहिलं. सगळं बरोबर होतं. खलास.

एवढ्यावर थांबलं असतं तर कदाचित मी हे लिहिलंही नसतं. माणूस घाबरतो, असं म्हणून स्वतःला माफ केलं असतं. पुढचं ऐका.

कंपनीत अपघात झाला की अहवाल सेफ्टी ऑफिसरने लिहायचा. म्हणजे मी. दुपारी टेबलावर बसून तो मी लिहिला, आणि चांगला लिहिला. थंडीत उन्हाळी टायरचं रबर कडक होतं, पकड जाते, कोरड्या रस्त्यावरही गाडी घसरते, हे सगळं चाचांनी सकाळी सांगितलेलं त्यात होतं. नख लावायचं तेवढं गाळलं, कारण ते ऑफिशियल वाटेना. 'कारण' या रकान्यात लिहिलं : "चालकाचा निष्काळजीपणा." अहवाल मॅनेजरला इतका आवडला की तो म्हणाला, याचं पोस्टर कर, सगळ्या कँपांना पाठवू.

मी केलं. पहिल्या ओळीत अपघात आणि वेळ. दुसऱ्या ओळीत ठिकाण. तिसऱ्या ओळीत : "एका अनुभवी कामगाराच्या निष्काळजीपणामुळे गाडीचे मोठे नुकसान झाले." नाव घातलं नाही, सभ्यपणा म्हणून. पण पिवळी गाडी कोणी ठोकली हे अख्ख्या कँपला ठाऊक होतं. शेवटची ओळ ताईंच्या शिस्तीत, ठळक अक्षरात : "अनुभवाच्या घमेंडीत राहू नका!" त्यांचं ज्ञान माझ्या नावावर गेलं आणि माझी चूक त्यांच्या. एका कागदात दोन्ही चोऱ्या.

शनिवारी संध्याकाळी मेसच्या रांगेत मी थोडा मागे होतो. चाचा नळाशी हात धूत होते. एका पेंटरने माझा कागद मोठ्याने वाचायला घेतला. "अनुभवाच्या घमेंडीत," आणि सगळीकडे हशा. "काय चाचा! घमेंड उतरली का?" "साहेबजाद्याची गाडी म्हणजे डंपर वाटला काय तुम्हाला?" "बसवर बसायचं होतं ना? आता आधी सायकल शिका!" चाचांनी हात पुसले. कागद खालपर्यंत वाचला, हळूहळू, ओठ हलवत. मग वळून मला शोधलं.

मला वाटलं, आता बोलतील. बोलावं, असंही वाटलं.

"टायरचं बरोबर लिहिलंस," ते म्हणाले. "फक्त नखाचं राहिलं. ते टाक. पोरांना आकडे कळत नाहीत, नख कळतं."

आणि ताट घेऊन पुढे गेले.

मी नखाचं टाकलं. पोस्टरची दुसरी आवृत्ती काढली. तिसरी ओळ तशीच ठेवली.

बसचा निकाल रमजानच्या आधी लागला. मॅनेजरने मला बोलावलं, कारण ड्रायव्हरच्या नेमणुकीवर सेफ्टी ऑफिसरची सही लागते. समोर चाचांचा अर्ज, माझ्या अक्षरातला. अधोरेखित वाक्यावर त्याने पेनाने रेघ मारलेली. "माणूस चांगला आहे," तो म्हणाला, "पण चाळीस कामगारांची बस अपघातवाल्याला कशी देऊ? तूच लिहिलंयस, निष्काळजी. तुला काही सांगायचंय?"

सरळ विचारलं होतं त्याने. दार बंद होतं, खोलीत आम्ही दोघंच. मी तेव्हा काय हरलो असतो? नोकरी, कदाचित. इकामा, कदाचित. घरी परत गेलो असतो, सव्वीस वर्षांचा, धडधाकट गुडघ्यांचा. पण खरं सांगू? नोकरीची भीती मला दुसऱ्या नंबरवर होती. पहिल्या नंबरवर मेसची ती रांग होती. पेंटर माझा कागद वाचेल, आणि सगळे माझ्याकडे बघून हसतील. मालकांच्या, कंत्राटदारांच्या, पुढाऱ्यांच्या खोटेपणावर आठ वर्षं पत्रकं काढणारा माणूस त्या हशाला भ्याला.

"नाही," मी म्हणालो. आणि सही केली.

चाचांनी उकिडवं बसून जूनपर्यंत काढलं. मग एका सकाळी डंपरच्या चाकाखालून त्यांना उठता येईना. दोघांनी धरून उभं केलं. "आता पंक्चर निघत नाही," ते म्हणाले आणि त्याच आठवड्यात कायमचं घरी जायला अर्ज दिला. तोही मीच लिहिला. त्यांनी मलाच सांगितलं लिहायला.

या वर्षी सुट्टीत मी त्यांच्या घरी गेलो. ओटीवर प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसले होते. नमाजही आता त्याच खुर्चीत बसून पढतात, जमिनीवर बसता येत नाही. धाकटीचं नर्सिंग दुसऱ्या वर्षाला सुटलंय. ती दापोलीला एका कपड्याच्या दुकानात उभी राहते, हे चहा आणताना त्यांच्या बायकोने सांगितलं. कशामुळे सुटलं, हे तिने मला सांगायची गरज नव्हती. आणि मी चालवत होतो हे तिला ठाऊक नव्हतं. चाचांनी घरीसुद्धा सांगितलं नव्हतं. "माझ्या नवऱ्याला म्हातारपणी कसली अवदसा आठवली, दुसऱ्याची गाडी पळवायची," असं ती मला, मलाच म्हणाली. चाचा खाडीकडे बघत राहिले.

तिथे मी बोललो. दोघांसमोर. फार वेळ लागला नाही, तीन वाक्यं होती. चाचीने कप उचलले आणि ती आत गेली. पुन्हा बाहेर आली नाही.

"कशाला सांगितलंस?" चाचा म्हणाले.

"हे मी लिहिणार आहे. सगळं."

"लिही. माझं नाव नको. कंपनीत तुझ्या जागी दुसरा येईल, तेवढं ध्यानात ठेव." मग म्हणाले, "पुढारी, तो कागद आहे का रे अजून भिंतीवर?"

आहे. परतल्यावर मी मॅनेजरला लेखी कबुली दिली. त्याने फाइल बंद आहे म्हणून सांगितलं, आणि मलाही बंद केलं, म्हणजे कामावरून काढलं. म्हणून तर हे मोकळेपणी लिहितोय. हाइलच्या मेसमधला कागद जायच्या दिवशी मी स्वतः काढला. पण तो जिझानच्या कँपात गेलाय, रियाधला बत्हा भागातल्या एका खाणावळीच्या भिंतीवर मी तो डोळ्यांनी पाहिलाय, आणि फोनवरून किती ग्रुपांत फिरला ते मला मोजता येत नाही. या हिवाळ्यात तो पुन्हा निघालाय, कारण टायरचं त्यात खरं लिहिलंय. त्यातलं खरं चाचांचं आहे. खोटं माझं आहे. आणि लोक दोन्ही एकत्र गिळतात.

म्हणून तुमच्याकडून मला माफी नको. तुमच्या कँपात, खाणावळीत, वर्कशॉपमध्ये, फोनमध्ये तो कागद असेल : वर पिवळ्या गाडीचा फोटो, खाली "अनुभवाच्या घमेंडीत राहू नका!" तो फाडू नका, टायरचं लोकांना कळू दे. पेन घ्या. तिसरी ओळ खोडा, शेवटची खोडा, आणि तिथे तुमच्या हाताने लिहा : गाडी मिस्त्री चालवत नव्हते. त्यांनी आधी सांगितलं होतं. सेफ्टी ऑफिसर चालवत होता. मग तो तसाच, खोडलेला, पुढे पाठवा. आज पाठवा.